मेल्यावरही राबणारी भुतं

गोव्यातल्या साखळीहून एका मुलीचा प्रश्न आलाय. दोन वर्षांमागे फोंड्याला घेतलेल्या पटकथेच्या कार्यशाळेत ती होती, त्यामुळे 'तू'च म्हणतो. प्रश्न थोडक्यात असा. ती पंचवीस मिनिटांची हॉरर शॉर्ट फिल्म लिहितेय. सासष्टीतल्या एका गावातलं जुनं, बल्कांव (समोरची बैठकीची ओसरी) असलेलं घर दिल्लीचं एक जोडपं विकत घेतं. सोबत कामाला झारखंडची एक मुलगी. घराच्या मागच्या कोठीतून रात्री एक काळी बाई बाहेर येते. जुन्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) पणज्याने आणलेली आफ्रिकेतली गुलाम, म्हणजे खापरीण. स्क्रिप्ट वाचून एक मैत्रीण म्हणाली, काळ्या बाईला भूत करणं हाच वर्णद्वेष झाला. एक मित्र म्हणाला, थोडा सोशल मेसेज टाक, महोत्सवात चालतं. आणि घरी बाबा म्हणाले, गोरे-काळे हे अमेरिकेचं लचांड, आपला त्याच्याशी संबंध काय? भुताने घाबरवावं, शाळा घेऊ नये. 'सर, यातलं कोण बरोबर?'

बाबांचं शेवटचं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, तेवढं आधी कबूल करून टाकतो. मधलं वाक्य मात्र साफ चूक.

पुढच्या खेपेला दिवाडीच्या फेरीबोटीतून जुन्या गोव्याला उतरलीस की व्हाइसरॉयच्या कमानीखालून ये आणि तिथेच पाच मिनिटं थांब. तिथून वर जाणारा रस्ता म्हणजे एके काळचा रुआ दिरैता. लिन्सखोटेन नावाचा एक डच माणूस १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. मायदेशी परतल्यावर त्याने पुस्तक लिहिलं. त्यात या रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं चित्र आहे. छत्री धरलेले नोकर, रुबाबात उभे फिरंगी, घोडा, आणि विकायला आणलेली माणसं. त्यांतली कितीतरी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली. पोर्तुगीज त्यांना 'काफ्र' म्हणायचे, आपण त्याचं 'खापरी' केलं. गुलामगिरी कागदावर संपायला १८६९ साल उजाडलं. शब्द तर अजून संपलेला नाही. माझ्या वर्गात एक सावळा मुलगा होता, सगळे त्याला खापरी म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि तोही हसायचा. आता त्याचं ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही. २०१३ साली एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर पर्वरीला त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला. तेव्हा आपल्याच एका मंत्र्याने नायजेरियनांना 'कॅन्सर' म्हटलं आणि मग दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा हे लचांड अमेरिकेचं म्हणून सोडून देता येत नाही. ते आपल्या धक्क्यावर उतरलं होतं.

आता भुताकडे. कारवारला कोडीबागेत खाप्री देवाचं देऊळ आहे. लोक तिथे मेणबत्त्या लावतात. सिगारेट, दारू, कोंबडं देतात. हा आफ्रिकेतून आलेला, असं तिथली माणसंच सांगतात. आणखी खाली कोचीला गेलीस तर मट्टांचेरीच्या गल्ल्यांत काप्पिरी मुत्तप्पन भेटेल. शब्द तोच. तिथली कथा अशी की १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली तेव्हा पळणाऱ्या पोर्तुगिजांनी आपला खजिना पुरला आणि राखणीला आपले काळे गुलाम मारून त्याच्याबरोबर पुरले. मेल्यावर त्यांनी तो राखायचा. लोक त्याला चिरूट आणि ताडी ठेवतात, रात्री तो वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो म्हणतात.

ही कथा नीट ऐक. भूत का झालं? सूड घ्यायचा होता म्हणून नाही. ड्यूटी संपली नाही म्हणून. माणूस मेला, पण मालकाचं काम सुटलं नाही. वर्ण, वंश, जात यांवरच्या जगातल्या जवळपास प्रत्येक चांगल्या हॉररच्या मुळाशी मला हेच सापडलेलं आहे: मेल्यावरही हा माणूस कुणाकडे राबतोय? हा प्रश्न हातात धरला की मेसेज वेगळा टाकावा लागत नाही.

झोंबीचंच बघ. (मराठीत झोंबी म्हणजे कुस्ती. त्याची गंमत पुढे सांगतो.) आज झोंबी म्हणजे हात पुढे करून चालणारा, माणसं खाणारा प्रेतांचा जमाव. पण हे भूत जन्मलं हैतीत, उसाच्या मळ्यात. फ्रेंचांनी आफ्रिकेतून आणलेली माणसं तिथे साखरेसाठी राबून मरत. मेल्यावर आपला आत्मा समुद्र ओलांडून परत आपल्या आफ्रिकेत जाईल, एवढी एकच सुट्टी त्यांना ठाऊक होती. झोंबी म्हणजे ती सुट्टीही नाकारलेला माणूस. कुणीतरी मांत्रिक त्याला थडग्यातून उठवून पुन्हा मळ्यात जुंपतो. म्हणून हैतीतल्या माणसाला झोंबी आपल्याला खाईल याची भीती नव्हती. आपण झोंबी होऊ, याची होती. दोन भीतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुझ्या स्क्रिप्टची सगळी गोम याच फरकात आहे.

हैतीने १८०४ मध्ये फ्रेंचांना हाकलून स्वातंत्र्य मिळवलं. १९१५ ते १९३४ अमेरिकेने तो देश ताब्यात ठेवला, आणि त्याच काळात झोंबी हॉलिवुडला पोचला. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'मध्ये एक साखर कारखाना आहे. वरच्या माळ्यावर झोंबी टोपल्या आणून ओततायत, खाली घाणा फिरतोय, लाकडाचा कण्हल्यासारखा आवाज. एक जण तोल जाऊन आत पडतो. कुणी थांबत नाही. घाणा थांबत नाही. दुसरी टोपली येते. चित्रपटाला नव्वद वर्षं होऊन गेली, अभिनय आज हसू येईल असा आहे, पण तो अर्धा मिनिट बघताना मी अजून खुर्चीत ताठ बसतो. आणि मग दिग्दर्शक ते सगळं सोडून देतो! कारण त्याला काळजी पडलीय ती एका गोऱ्या नवरीची. ती झोंबी होईल का, एवढीच त्याची भीती. घाण्याभोवतीची माणसं भिंतीवरच्या चित्रासारखी मागे राहतात. शोषणाचा एवढा नेमका सीन लिहूनही भीती दुसऱ्याच्या नावावर केली. चित्रपटात काळं भूत असणं हा मुळात गुन्हा नाही. भीती कुणाच्या नावावर लावलीय, ते तपासायचं. तुझ्या मैत्रिणीला हे सांग, तिचं अर्धं समाधान होईल.

आता ती कुस्तीची गंमत. डिचोलीकडच्या एका गावात वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' दाखवला होता. पैसे नव्हते, आणि या सिनेमाला पैसे लागत नाहीत. आयत्या वेळी नाव बदलताना वितरकांकडून कॉपीराइटची ओळ पडद्यावरून गळली आणि सिनेमा सगळ्यांचा झाला. फळ्यावर आमच्या पोरांनी लिहिलं, 'झोंबीचा गाजलेला सिनेमा'. दोन म्हातारे कुस्ती समजून आले. (खरं तर त्या सिनेमात झोंबी हा शब्द कुणी एकदाही उच्चारत नाही.) आले ते आले, आणि शेवटपर्यंत बसले.

गोष्ट साधी आहे. प्रेतं उठलीत, सात माणसं एका शेतघरात अडकलीत. त्यांतला डोकं ठिकाणावर असलेला एकटा बेन. तो काळा आहे, बाकीचे गोरे. आणि संपूर्ण चित्रपटात त्याच्या रंगाबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. रोमेरो पुढे सांगायचा की पटकथेत रंग लिहिलेलाच नव्हता, ड्वेन जोन्सची ऑडिशन सगळ्यांत सरस झाली म्हणून त्याला घेतलं. पटकथेतला बेन एक रांगडा ट्रक-ड्रायव्हर होता. जोन्स स्वतः शिकला-सवरलेला नाटकवाला, त्याने संवाद बदलून घेतले आणि बेन शांत, विचार करून बोलणारा झाला. रात्रभर बेन खिडक्यांना फळ्या ठोकतो, इतरांना वाचवायला धडपडतो, एका गोऱ्या बापाशी भांडतो. सगळे मरतात, तो तेवढा जगतो. पहाट होते. बाहेर बंदुकवाल्यांची टोळी प्रेतं टिपत चाललीय. बेन आवाज ऐकून खिडकीशी येतो. एक जण नेम धरतो आणि गोळी घालतो. त्याला प्रेत समजून. पुढे हलतं चित्र थांबतं. वर्तमानपत्रातल्यासारखे दाणेदार फोटो येतात. हुक लावून ओढलेलं शरीर, भोवती टोळीतली माणसं, मग जाळ. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला लटकवून जमावाने काढून घेतलेले फोटो ज्यांनी पाहिले होते, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. रोमेरो तयार चित्रपट गाडीत घालून न्यूयॉर्कला निघाला होता आणि ती बातमी त्याने गाडीतल्या रेडिओवर ऐकली.

हॉलमध्ये दिवे लागले. कुस्तीसाठी आलेल्यांतला एक, सुतारकाम करणारा, टोपी डोक्यावर बसवत म्हणाला, "भुतांनी ताका कांयच करूंक ना मरे. मनशांनी मारलो." अमेरिकेचा इतिहास त्याला माहीत नव्हता. किंगचं नावही कदाचित नसेल. मी या चित्रपटावर दीड-दोन तासांची व्याख्यानं दिली आहेत. त्याच्या त्या वाक्याच्या पुढे मी गेलेलो नाही.

आता तू बहुतेक ज्यामुळे या वाटेला लागलीस त्या चित्रपटाकडे येतो. जॉर्डन पीलचा 'गेट आउट', २०१७. पंचेचाळीस लाख डॉलरमध्ये केला, पंचवीस कोटींच्या वर धंदा केला, आणि मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारा पील हा पहिला काळा लेखक ठरला. याच्यावर सगळे बोलतात ते त्या 'खोल जागे'वर. संमोहनाने माणूस स्वतःच्याच शरीरात खाली खाली बुडतो आणि वरून दुसराच कुणीतरी ते शरीर चालवतो. बरोबर आहे, पण तुझ्या कामाचा सीन तो नाही. तुझ्या कामाचे दोन.

पहिला. नायक ख्रिस काळा, गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांकडे आलेला. त्या घरातली मोलकरीण जॉर्जिना, तीही काळी. ख्रिस तिला सहज म्हणतो, आजूबाजूला एवढे गोरे असले की मी जरा बिचकतो. ती त्याच्याजवळ येते. हसत. 'नो, नो, नो' म्हणत राहते, हसू तसंच ताणलेलं, आणि डोळ्यातून पाणी गालावर उतरतं. मालक तिच्याशी किती छान वागतात, हे ती सांगतेय. सीन भरदुपारी आहे. भूत नाही, अंधार नाही, दचकवणारा आवाज नाही. नंतर कळतं की तिच्या शरीरात घरची म्हातारी राहतेय, आणि ते पाणी आत अडकलेल्या खऱ्या बाईचं होतं. बघ, पुन्हा तेच. माणूस संपला, शरीर अजून त्याच घराच्या ओट्याशी उभं. आणि त्याच घरातला बाप अभिमानाने सांगतो की ओबामा तिसऱ्यांदा उभा राहिला असता तर मी त्यालाच मत दिलं असतं. बागेतल्या पार्टीत हसत-खेळत बिंगो चालू आहे, कुणी आकडा ओरडत नाही, नुसत्या पाट्या वर होतात. मग कॅमेरा मागे सरकतो आणि समोर ख्रिसचा मोठा फोटो दिसतो. लिलाव चाललाय. रुआ दिरैतावर छत्रीखाली उभी असलेली माणसंही चेहऱ्यावरून अशीच सभ्य असणार.

दुसरा, शेवट. सगळी हाणामारी करून ख्रिस रस्त्यावर पोचलाय. भोवती मेलेली, मरायला टेकलेली माणसं. आणि गाडीचे लाल-निळे दिवे येतात. एरवी चित्रपटात पोलिसांची गाडी आली की प्रेक्षक सुस्कारा टाकतो. इथे थेटर श्वास रोखून धरतं. काळा माणूस, हाताला रक्त, समोर गोरी मुलगी. आता हा संपला! गाडी निघते त्याच्या मित्राची, विमानतळाच्या सुरक्षेतली. पण त्या पाच-सहा सेकंदांत एक अक्षर न बोलता पीलने सगळं सांगून टाकलं. आधी त्याने खरे पोलीस येतात आणि ख्रिस तुरुंगात जातो असा शेवट चित्रित केला होता. नंतर बदलला. मला बदललेलाच जास्त आवडतो. पहिला शेवट प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते दाखवतो. दुसरा, ते प्रेक्षकाला किती पक्कं ठाऊक आहे, हे त्याचं त्यालाच दाखवतो.

घरी बोलावणाऱ्या गोड माणसाची भीती आपल्याकडेही लिहिली गेली आहे. २०२४ चा मल्याळम 'ब्रमयुगम' मिळाला तर बघ, आख्खा कृष्णधवल आहे. सतराव्या शतकातला मलबार. गुलामगिरीतून पळालेला एक खालच्या जातीचा लोकगायक भुकेला होऊन एका मोडक्या वाड्यात शिरतो. वाड्याचा धनी पोट्टी, म्हणजे मामूटी, जात कळल्यावरही त्याला आत घेतो, जेवायला घालतो, सोंगट्या खेळायला बसवतो. पैजेला पैसे नाहीत? मग आपला काळ लाव, म्हणतो. म्हणजे आयुष्यातला वेळ. गायक हरतो आणि तिथला कायमचा नोकर होतो. गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या 'सिनर्स'मध्येही १९३२ च्या मिसिसिपीतले व्हँपायर दारात उभे राहून हेच म्हणतात: आमच्यात या, इथे रंग-बिंग कोण बघत नाही. 'व्हाइट झोंबी'चंही साल १९३२, हा योगायोगच असेल, पण मला तो आवडतो.

एक खड्डाही दाखवून ठेवतो, कारण तुझी खापरीण सध्या त्याच्या काठावर उभी आहे. १९९२ चा 'कँडीमॅन'. मूळ कथा लिव्हरपूलची; चित्रपटात ती शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या गरीब काळ्या वस्तीत आणली. भूत कोण, तर एका गुलामाचा चित्रकार मुलगा. गोऱ्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावाने हात कापून, मध चोपडून, मधमाश्या सोडून मारलेला. इथपर्यंत उत्तम. त्यात बाथरूमच्या आरशामागच्या कपाटातून शेजारच्या घरात शिरता येतं, तो तपशील तर खराच. शिकागोतल्याच दुसऱ्या एका वस्तीत १९८७ साली एका काळ्या बाईचा तसा खून झाला होता. तिने पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले, दार वाजवलं, आणि न तोडता परत गेले. यापुढे कसलं भूत लिहायचं? पण चित्रपट काय करतो, तर त्या काळ्या चित्रकाराचं भूत त्याच्यावर अन्याय करणाऱ्यांच्या वंशजांकडे जात नाही. ते गरीब काळ्या वस्तीत लोक मारतं आणि एका गोऱ्या संशोधक मुलीच्या मागे लागतं. म्हणजे काळा पुरुष आणि भेदरलेली गोरी बाई, हे शंभर वर्षांचं जुनं कॅलेंडर पुन्हा भिंतीवर. टोनी टॉडने ते भूत इतकं देखणं आणि दुःखी उभं केलंय की आपण चित्रपटाला माफ करतो. पण तुझ्याकडे टोनी टॉड नाही.

आपली स्वतःची भुतंही काही निष्पाप नाहीत बरं का. ब्रह्मसमंध कोण, मुंजा कोण, खवीस कोण, आळवंतीण कोण, नुसत्या नावांवरून मेलेल्याची जात, धर्म, लिंग, बाळंतपण सगळं कळतं. मेल्यावर तरी माणूस सुटावा, तर तिथेही रजिस्टर. आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचं तोंड रंगवताना पोरं रंगाचा कुठला डबा आधी उघडतात, हे कधी तरी शांतपणे बघ.

मित्राच्या मेसेजबद्दल बोलण्याचा अधिकार मला आहे, कारण मी तोंडावर आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी चौदा मिनिटांची फिल्म केली होती. भाटकाराच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) एका मुंडकार माणसाचं भूत. आयुष्यभर भाटकाराच्या जागेत झोपडी, त्याबदल्यात माडांची राखण, नारळ पाडणं, पडेल ते काम. घरातून काढलं आणि त्याच पावसाळ्यात मेला. तर भाटकार रात्री पलंगावर पडलाय आणि बाहेर नारळ पडल्याचा आवाज येतो. धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. भाटकार दचकत नाही, तो पुटपुटत मोजायला लागतो. एक. दोन. तीन. झोप लागेपर्यंत मोजतो. सकाळी अंगणात नारळांची रास. दाखवली तेव्हा त्या आवाजांना थेटरात इतकी शांतता होती की कुणाचा तरी खोकला मला अजून आठवतो.

आणि मग मी काय करावं? भुताला पडद्यावर आणलं आणि तोंडी भाषण दिलं. त्यात १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याचा उल्लेख होता. भुताच्या तोंडी कायदा! पहिल्या रांगेतला कुणीतरी फिस्कन हसला आणि मग सगळं थेटर. एका मोठ्या परीक्षकाने नंतर खांद्यावर हात ठेवून 'महत्त्वाचा विषय' म्हटलं. ते तर त्या हसण्याहून वाईट होतं. आज एडिटला बसलो तर भाषण आणि भूत दोन्ही कापीन, नारळ तेवढे ठेवीन.

आता तुझं स्क्रिप्ट. खापरीण राहू दे. पण सध्या ती अंधारातून येते, दात दाखवते आणि दिल्लीच्या बाईला किंचाळायला लावते. भीती सगळी मालकिणीच्या नावावर आहे. ती उचल आणि झारखंडच्या मुलीकडे दे. ती का पळून जात नाही, हे एका शॉटमध्ये दाखव. तिचं आधार कार्ड आणि मोबाइल मालकिणीच्या कपाटात, 'हरवेल म्हणून', प्रेमाने ठेवलेले. पोलीस चौकी समोर असली तरी ती तिकडे बघून सुटकेचा विचार करणार नाही, हे लक्षात घे. तिथे तिचा फॉर्म भरलाय तोही मालकांनीच. मालक वाईट करू नकोस. तिला वाढदिवसाला केक आणू देत. 'घरातलीच आहे' म्हणू देत.

कुणा गोव्याच्या मुलीला काळं फासून खापरीण करू नकोस, हात जोडून सांगतो. हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याकडे सिद्दी लोक राहतात. गोव्यातून पळून घाटावरच्या रानात गेलेल्या गुलामांचे वंशज. त्यांच्यात नाटकात काम करणाऱ्या बाया आहेत, आणि गंमत म्हणजे त्या कोकणी बोलतात. म्हणजे तुझी खापरीण स्वाहिली की पोर्तुगीज बोलेल, यावर तू जे पान लिहिलंयस ते फाडून टाक. ती तुझ्या आजीसारखं बोलेल. आणि तिथे जाणार असशील तर आधी स्क्रिप्ट वाचून दाखव, नंतर तारखा विचार. उलटं करू नकोस.

किंचाळीच्या जागी काय घालायचं, तर माझे वाया गेलेले नारळ तू घे, म्हणजे त्यातली युक्ती घे. पहिल्या रात्री मागच्या दारी वाटणाचा दगडी रगडा फिरल्याचा आवाज येतो. जोडपं कूस बदलून झोपतं. सकाळी रगड्यात वाटण तयार, मऊ, लोण्यासारखं. मालकीण खूश, झारखंडच्या मुलीला शाबासकी देते. मुलगी म्हणते, मी नाही केलं. मालकीण हसते, किती साधी आहे गं! दुसऱ्या रात्री पुन्हा आवाज. तिसऱ्या दिवशी जोडप्याला कळून चुकतं की हे कुणीतरी दुसरंच आहे. आणि ते घाबरत नाहीत. इथे तुझी फिल्म सुरू होते. चौथ्या रात्री झोपायला जाताना नवरा रगड्याजवळ दोन नारळ जास्त ठेवतो. पाहुणे येणार आहेत. पुढच्या आठवड्यात धुण्याचा ढीगही तिथेच ठेवतात. झारखंडची मुलगी खिडकीतून बघते. तिला खापरिणीची भीती वाटत नाही. तिचं लक्ष जातं रगड्यापलीकडच्या दगडाकडे. एका बाजूला बसून बसून तो झिजलाय, आणि दुसरी बाजू अजून कोरी आहे.

खापरिणीचा चेहरा शेवटपर्यंत दाखवला नाहीस तरी चालेल. तिने एकदाच वळून त्या मुलीला कोकणीत काय म्हणायचं, ते मी सांगणार नाही, ते तू लिही. तीन शब्दांच्या वर जाऊ नकोस.

आवाज लायब्ररीतला घेऊ नकोस, फसवा वाटतो. आमच्या मागच्या दारी जुना रगडा पडून आहे, सकाळी लवकर ये, गाड्या सुरू व्हायच्या आत. ओले नारळ आण, सुक्या खोबऱ्याचा आवाज कोरडा येतो. आणि दुसरं कुणी तरी घेऊन ये फिरवायला. माझा खांदा आता ऐकत नाही.